'फ्री' या क्रियापदाविषयी पाचशे शब्द

मध्यवर्ती कारागृह, बराक क्र. ६
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप सर,
साष्टांग नमस्कार.

माझ्या सुटकेची फाईल वरून खाली आली आहे. काल दुपारी सुभेदारांनी स्वतः सांगितलं, आणि संध्याकाळी ऑफिसातल्या क्लार्कनेही तेच सांगितलं, म्हणजे खरं असावं. अठरा वर्षं पूर्ण, वागणूक समाधानकारक, सुतारकामाच्या वर्कशॉपचा शेरा चांगला. एक कागद तेवढा नाही. सुटल्यावर मला कोण घरात घेणार, त्या माणसाचं हमीपत्र. तो माणूस गावच्या पोलिसांपुढे सही करतो, मग समिती निर्णय घेते. मुदत ३० एप्रिलपर्यंत आहे.

सर, तुम्ही मला दहावीला इंग्रजी शिकवलंत, आणि गेली दोन वर्षं पोस्टाने बी.ए.चं इंग्रजी शिकवताय. त्याबदल्यात मी काही दिलेलं नाही, आणि आता आणखी मागतो आहे. तुम्ही एकदा गावी जाल का? इथून फोन फक्त नातेवाइकांच्या नोंदवलेल्या नंबरावर लावता येतो. माझ्या यादीत एकच नंबर आहे, कानिफनाथदादाचा, आणि सहा वर्षांपासून तो 'अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं. पत्रांना उत्तर येत नाही. तुम्हाला दादा नाही म्हणणार नाही. तुम्ही त्यालाही शिकवलंय.

दुसरं अभ्यासाचं. विद्यापीठाचा गृहपाठ आला आहे: नेहमीच्या वापरातलं एक इंग्रजी क्रियापद निवडून त्याचा अर्थ आणि उगम, पाचशे शब्दांत. मी 'फ्री' घेतलं. बराकीतले हसले. छगन म्हणाला, "दुसरं कोनतं घेनार हुतास, लेका?" इथल्या ग्रंथालयातल्या कोशात फक्त अर्थ आहे, उगम नाही. तुमच्याकडे तो मोठा कोश अजून असेल.

आपला विद्यार्थी,
अमृत


केडगाव, अहिल्यानगर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमृत,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. गावी नक्की जाईन. इथे सध्या माझ्या मुलाच्या, पार्थच्या ऑफिसची आणि नात सृष्टीच्या शाळेची घाई असते, त्यातून एक दिवस काढतो. तू काळजी करू नकोस.

तुझ्या क्रियापदाने मला मात्र दोन दिवस घरात बसवलं. कोश काढला, चष्मा पुसला, आणि जे सापडलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

'फ्री' म्हणजे मोकळं करणं, सोडवणं, हे आपण सगळेच जाणतो. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद 'फ्रेओगन' असं होतं, आणि कोशात त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत. एक, सोडवणं. दुसरा, माया करणं. 'फ्रेंड' हा शब्द याच क्रियापदातून निघाला. मुळात त्याचा अर्थ 'माया करणारा' एवढाच. आणखी मागे गेलं, की हा शब्द आपल्या दारात येतो. आपला संस्कृतातला 'प्रिय' आणि इंग्रजांचा 'फ्री' एकाच मुळापासून आले आहेत. मी सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि हे मला माहीत नव्हतं.

आता प्रश्न असा, की 'प्रिय'पासून 'मोकळा' हा अर्थ आला कसा. अभ्यासकांचा अंदाज असा की, त्या काळच्या घरात दोन तऱ्हेची माणसं असत. काही नात्याची, काही बांधून आणलेले दास. घरधन्याला जी प्रिय, ती मोकळी. पुढे माया मागे पडली आणि मोकळेपणा तेवढा उरला. म्हणजे त्या लोकांच्या हिशेबी मोकळा कोण, तर जो कुणाच्या तरी घरचा आहे तो. ज्याला कुणीच आपलं म्हणत नाही, तो कितीही उघड्या माळावर उभा असला तरी मोकळा नाही.

हे शेवटचं वाक्य गृहपाठाच्या शेवटी घाल. परीक्षकाला आवडेल.

तुझा,
सूर्यभान सर


मध्यवर्ती कारागृह
२१ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप सर,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी बराकीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडे टीव्ही सातला बंद होतो, त्यानंतर कुणी काही वाचलं तर ऐकतात. 'प्रिय'पर्यंत आलो. मग छगन म्हणाला, "म्हंजे सुटायचं तर आधी कुनाचं तरी लाडकं पाहिजे व्हय? मंग आपलं हितंच बरं हाय. हितं हवालदाराचा तरी लाडका हाय मी." सगळे हसले. त्याची बायको दुसरीकडे गेली, भाऊ वारला. त्याची फाईल दोनदा परत आली, दोन्ही वेळा त्याच कागदासाठी. तेव्हा तो हसला तरी त्याला समजलं होतं.

मला ते वाक्य पाठ झालं आहे. मी वर्कशॉपमध्ये रंधा मारताना ते म्हणतो. मला वाटतं, ते आपल्या बाजूचं आहे. आई आहे. दादा आहे. सुकन्या आहे, ती आता तेवीस वर्षांची असेल. पाच वर्षांची असताना तिला शेवटचं पाहिलं. म्हणजे मी अजून एका घरचा आहे. नुसतं त्यांना तसं लिहून द्यायचं आहे.

तुम्ही गेलात का, सर? घाई करत नाही. पण मार्च आला.

अमृत


केडगाव
९ मार्च २०२५

प्रिय अमृत,
आशीर्वाद.

काल तुझ्या गावी जाऊन आलो. माळीवाड्यावरून सकाळची एसटी पकडली, पाथर्डीत उतरलो, पुढे जीपने. निम्मी घरं कुलूपबंद होती. ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतलेली नाहीत. तुमच्या दाराशी मात्र गर्दी होती. कानिफनाथने पिठाची गिरणी घातली आहे, हे तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. चांगली चालते. केस पिकले आहेत, त्यात पीठ, त्यामुळे मी आधी त्याला ओळखलंच नाही.

त्याने मला ओळखलं. पाया पडला. म्हणाला, "सर, तुमी आलात, लई बरं वाटलं. चहा घ्या. पन त्या कामाला आला आसाल तर नुस्ता चहाच घ्या." मी म्हटलं, त्याच कामाला आलोय. तो गिरणीचा पट्टा बघायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

तुझी आई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. बनुबाईंना आता कमी ऐकू येतं. मी कोण ते सांगितलं, तर आधी गिरणीकडे बघितलं, मग माझा हात ओढून मला खाली बसवलं. "अम्रत जेवतो का वेळच्या वेळी?" मी हो म्हटलं. "तितं भाकर देत्यात का चपाती?" चपाती, म्हटलं. "मंग त्याचं पोट भरत नसंल." एवढ्यात गिरणी बंद झाली आणि त्या परत ज्वारी निवडायला लागल्या.

कानिफनाथशी बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. घरात कार्य आहे, त्या गडबडीत आत्ता काही सांगता येत नाही, विचार करून कळवतो, असं म्हणाला. मी घरी येऊन त्याला सविस्तर पत्रही लिहिलं आहे. सरळ नकार नाही, ही जमेची बाजू समजू.

गृहपाठ सुरू केलास का? 'फ्रेओगन'बद्दल लिहिताना काळ नीट मांड.

तुझा,
सूर्यभान सर


मध्यवर्ती कारागृह
१८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप सर,
साष्टांग नमस्कार.

कार्य कुणाचं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण दादाला मूलबाळ नाही. त्या घरात लग्नाचं असं एकच माणूस आहे. सुकन्याचं लग्न आहे ना, सर? कुठे दिली? मुलगा काय करतो? आपल्याकडे बापाचं नाव पत्रिकेत येतं. एक पत्रिका पाठवाल का? मला जायचं नाही, रजाही मागणार नाही. नुसती बघायची आहे. इथे पत्रिका येऊ देतात. फक्त हळदकुंकवाची पुडी काढून घेतात.

आईने विचारलं ते वाचून मी क्लार्कना भेटलो. आईचा अंगठा चालतो का विचारलं. म्हणाले, चालतो, पण घर तिच्या ताब्यात असलं पाहिजे. घर दादाच्या नावावर आहे. तरी पोलिसांनी तिला विचारावं, असा अर्ज मी दिला आहे. तिला ओरडून विचारावं लागेल, हेही त्यात लिहिलं.

आणखी एक. क्लार्क म्हणाले, नातेवाईक नसेल तर ओळखीचे प्रतिष्ठित गृहस्थ चालतात. स्वतःचं घर पाहिजे, आणि महिन्यातून एकदा ठाण्यात जाऊन 'हा माझ्याकडे राहतो' एवढं सांगायचं. मी तुमचं नाव दिलं आहे, फक्त रकाना मोकळा राहू नये म्हणून. तुमच्यावर दडपण नाही. मला सुतारकाम चांगलं येतं. अंगणातल्या शेडमध्येही मी राहीन. सहा महिन्यांत माझी मी खोली बघेन.

पत्रिकेचं विसरू नका.

अमृत


गाव मुक्काम, ता. पाथर्डी
२७ मार्च २०२५

आदरणीय सर,
स. न.

तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही गिरणीत आलात तेव्हा मी आतल्या खोलीत होते. काकांना लिहिलेलं तुमचं पत्र काकांनी मला वाचायला दिलं. त्यांना उत्तर लिहायला जमत नाही म्हणून मी लिहिते.

तुमच्या पत्रात 'तो दुर्दैवी प्रसंग' असं तीनदा आहे. 'झालं गेलं' एकदा आहे. माझ्या आईचं नाव पुष्पावती. ते चार पानांत एकदाही नाही. वडिलांनी तिला मारलं तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दारात उभी होते. त्यामुळे काय झालं हे मला कोणी सांगायची गरज कधी पडली नाही.

माझं लग्न १८ मे रोजी राहात्याला आहे. मुलाचं नाव समर्थ, त्यांचं मेडिकलचं दुकान आहे, मी फार्मसी केलं आहे. त्यांच्या घरी आम्ही सांगितलंय की आईवडील दोघंही अपघातात गेले. पत्रिकेत दोघांच्या नावाआधी 'कै.' छापलं आहे. काका म्हणत होते, वडिलांचं नाव गाळू. मीच नको म्हटलं. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, 'कै.' फक्त आईच्या आधी लावायचं का? मला हो म्हणता आलं नाही. आई गेली आणि ते आहेत, असं मी त्या कागदावर छापू शकले नाही.

समर्थला मी खरं सांगणार आहे. कधी, ते मी ठरवीन. पोलीस दारात आल्यावर नाही. चौकशीला येणारच असाल तर साध्या कपड्यांत या, एवढं मी ठाण्यात जाऊन सांगून आले. ते बरं म्हणाले.

काका वाईट नाहीत. ते दगड फोडायच्या कामाला गेले आणि मला शिकवलं. आजी रात्री उठून वडिलांचं नाव घेते, तरी काका तिला कधी बोलले नाहीत. त्यांनी सही करावी असं तुम्हाला वाटत असेल, तर ते माझ्यामुळे करणार नाहीत, आणि मीही त्यांना करा म्हणणार नाही.

तुमचं केडगावात वर-खाली घर आहे, असं काका म्हणाले. तुम्हाला वडिलांची एवढी कळकळ आहे तर तुम्ही त्यांना घरात घ्या. माझी हरकत नाही. पोलिसांनाही तसंच सांगेन.

हे पत्र वडिलांना दाखवलंत तरी चालेल.

सुकन्या


केडगाव
१६ एप्रिल २०२५

प्रिय अमृत,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, त्यात ऊन. क्षमस्व.

हो, लग्न सुकन्याचंच आहे. मुलगा राहात्याचा, घर चांगलं आहे असं कळतं. पत्रिका अजून छापून आलेल्या नाहीत, आल्या की पाठवतो. हमीपत्राच्या बाबतीत माझे प्रयत्न चालू आहेत. अशा गोष्टींना वेळ लागतो. धीर धर.

तू मध्यंतरी पाठवलेला गृहपाठाचा कच्चा मसुदा वाचला. पहिली दोन पानं फार छान उतरली आहेत. तिसऱ्यात तू घाई केलीस. जुन्या घरात दास आणि घरचे एकाच छताखाली राहत, हे सांगितल्याशिवाय 'प्रिय'चा 'मोकळा' कसा झाला ते वाचणाऱ्याला कळणार नाही. 'फ्रायडे' हा वारही त्याच कुळातला आहे, एका देवीच्या नावावरून आलेला, आणि ते नाव 'लाडकी' या अर्थाचं. जागा उरली तर तेही घाल. शेवटचं वाक्य तसंच ठेव.

तुझा,
सूर्यभान सर


मध्यवर्ती कारागृह
५ मे २०२५

तीर्थस्वरूप सर,
साष्टांग नमस्कार.

चौकशीचा अहवाल आला. क्लार्कनी वाचून दाखवला आणि मी उतरवून घेतला. तो खाली देतो.

"१. भाऊ कानिफनाथ पुंजाराम, वय ५२, व्यवसाय पिठाची गिरणी. बंद्यास घरी घेण्यास तयार नाहीत. २. मुलगी सुकन्या, वय २३. बंद्याच्या सुटकेस हरकत नाही. संबंध ठेवू इच्छित नाही. ३. आई बनुबाई, वय ८१. घेण्यास तयार. परंतु स्वतःचे घर अगर उत्पन्न नाही. अंगठा घेतला नाही. ४. सेवानिवृत्त शिक्षक श्री. सूर्यभान, रा. केडगाव. कौटुंबिक कारणास्तव असमर्थ. लेखी जबाब दि. २ एप्रिल."

पहिले तीन मला निदान कळतात. चौथ्याची तारीख मी क्लार्कना दोनदा विचारली. त्यांनी कागद फिरवून दाखवला. तुमची सही मी ओळखतो, दहावीच्या प्रगतिपुस्तकावर होती तशीच आहे.

२ एप्रिलला तुम्ही नाही लिहून दिलंत. १६ एप्रिलला मला लिहिलंत, प्रयत्न चालू आहेत. मधले चौदा दिवस मी मोजत बसलो नाही, पण इथे वेळ असतो.

नाही म्हणालात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही म्हणालो असतो. फक्त मला खरं काय ते लिहा. अठरा वर्षांत माझ्याशी खोटं न बोललेले तुम्ही एकटे होतात.

अमृत


केडगाव
१४ मे २०२५

प्रिय अमृत,

दोन एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास पोलीस ठाण्यातून एक बाई आल्या. तरुण, साध्या कपड्यांत, फार नीट बोलणाऱ्या. घरी मी एकटाच होतो. मी चहा केला. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, घाई नाही. घरच्यांशी बोला, मी सोमवारी येते." मी म्हटलं, नको, आत्ताच लिहून घ्या. त्या म्हणाल्या, कारण काय लिहू? मी म्हटलं, घरात नात आहे. त्यांनी मान हलवली आणि 'कौटुंबिक' लिहिलं.

पार्थला मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. तो नाही म्हणेल असं मी आधीच ठरवून टाकलं, म्हणजे नाही म्हणणारा तो ठरला, मी नाही. कदाचित तो हो म्हणाला असता. मला तीच भीती वाटली. वरची खोली रिकामी आहे, अमृत. तिच्यात माझी रद्दी आणि जुने पेपर आहेत. तू आला असतास, तर रोज सकाळी मला तुझ्यासमोर चहा घ्यावा लागला असता, आणि पुष्पावतीचं नाव न काढता बसावं लागलं असतं, किंवा काढून. पत्रात ते टाळता येतं. दोन वर्षं मी ते टाळलं आणि तुला शिकवतोय असं समजलो.

क्रियापदाविषयी लिहिणं सोपं होतं. घरचा तो मोकळा, असं मी लिहिलं तेव्हा कानिफनाथचं घर डोळ्यांसमोर होतं. माझं नव्हतं.

पत्रिकेबद्दलही मी खोटं लिहिलं. ८ मार्चलाच मी ती पाहिली. गिरणीतल्या वजनकाट्यावर गठ्ठा होता, कोपऱ्यांना हळद लावलेली. वरचीच उचलून वाचली. तुझ्या नावाआधी 'कै.' आहे. कानिफनाथने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "सर, त्याला न्हाई सांगायचं." मी त्याला शब्द दिला, तो आज मोडतो आहे. ते का छापलं, ते सुकन्याने मला लिहिलं होतं. तुला दाखवायला तिची परवानगी आहे. पत्र सोबत जोडतो. ते माझ्याकडे दीड महिना पडून होतं.

माफी मागणार नाही. तू ती देणार नाहीस म्हणून नाही, तर देशील, आणि मग मला बरं वाटेल. ते नको.

सूर्यभान सर


मध्यवर्ती कारागृह
२६ मे २०२५

तीर्थस्वरूप सर,
साष्टांग नमस्कार.

पत्र आणि सोबतचं पत्र मिळालं. दोन्हींवर तपासणीचा शिक्का आहे, म्हणजे माझ्याआधी कुणीतरी वाचलं आहे. छगनने विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, लग्नाचं आहे. तो म्हणाला, "मंग पेढे कुठंयत?"

सुकन्याचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या आईसारखं गोल नाही, उभं आहे. पुष्पावतीला चौथीपर्यंत शाळा होती, ती सही करायची.

तुम्ही तिचं नाव टाळलंत, असं तुम्ही लिहिता. मी अठरा वर्षं टाळतो आहे. प्रत्येक अर्जात एक रकाना असतो, त्यात मी 'मयत' लिहितो. कोर्टात माझ्या वकिलांनी 'अचानक प्रक्षोभ' लिहिलं होतं. प्रक्षोभ नव्हता, सर. भाकरी करपली होती. मी उठलो, बाहेर गेलो, खोऱ्याचा दांडा घेतला आणि आत आलो. एवढा वेळ होता. ती म्हणाली, पोरगी बघतीय. ते मला ऐकू आलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्रही कुणीतरी आधी वाचणार आहे, तर वाचू द्या.

म्हणून सुकन्याने छापलं ते बरोबर छापलं. लग्न झालं असेल आता. त्या दिवशी इथे जेवणात शिरा होता, रविवारी असतोच.

गृहपाठ पाठवून दिला. तुम्ही सुचवलेलं शेवटचं वाक्य काढलं. ते खोटं आहे असं मला वाटत नाही, पण माझ्या हाताने लिहायला जमेना. चारशे ऐंशी शब्द झाले. पुढच्या सत्राचं मार्गदर्शन इथल्या अभ्यास केंद्रातून घ्यायचं ठरवलं आहे. तुमच्या डोळ्यांनाही त्रास नको. तुम्ही शिकवलेलं सगळं माझ्या वहीत आहे.

समितीची बैठक १२ जूनला आहे. क्लार्क म्हणाले, हमीपत्र नसलेली फाईल ते फार वेळ बघत नाहीत. शेरा आणि तारीख टाकून परत पाठवतात. जूनच्या शेवटी ती इथे येईल आणि मला वाचून दाखवतील, मी पोच म्हणून सही करीन. त्यानंतर नाव पुन्हा पुढे जायला तीन वर्षं लागतात. तेव्हाही त्या कागदावर पहिला प्रश्न हाच असेल, घरात कोण घेणार. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची असेल.

अमृत